१९७० ची शेव्हेल एसएस ३९६: गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

एडिसनकर

एका ऑनलाइन लिलावात शेव्हरले कंपनीची जुनी अमेरिकन गाडी, १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, आली आहे. गाडी ओहायोत, मला न्यू जर्सीत आणावी लागेल. लाल रंग, बॉनेटवर काळे पट्टे, ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स. वर्णनात 'नंबर्स मॅचिंग' लिहिलंय, म्हणजे इंजिन मूळचंच आणि त्यावरचे आकडे गाडीच्या नंबराशी जुळणारे. आठ वर्षांपूर्वी बॉडी चॅसीवरून उतरवून पूर्ण रिस्टोरेशन केलं म्हणतात. बोली ७०,००० डॉलरच्या आसपास थांबेल असं वाटतंय. पाच दिवस उरलेत.

रविवारी फिरवायचा आनंद घटकाभर बाजूला ठेवू. दहा वर्षांनी विकली तर इंडेक्स फंडाच्या तोडीचं काही हाती लागेल का? 'नंबर्स मॅचिंग' खरं की खोटं हे नेमकं कसं तपासतात? आणि पुढेमागे पुण्याला परतायचं झालं तर गाडी नेता येते का?

हिशोबनीस

गाडी नंतर, आधी आकडे.

७०,००० ला हातोडा पडला असं धरू. ऑनलाइन लिलावाचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क साधारण ५ टक्के, म्हणजे ३,५००. (मैदानावरच्या मोठ्या लिलावात हेच १० टक्क्यांच्या घरात जातं.) न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे ४,६३८. गाडी परराज्यातून आणली तरी रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर तो भरावाच लागतो. बंद ट्रेलरने आणायचे १,५०० आणि तज्ज्ञाकडून तपासणीचे ५०० धरा. गाडी दारात उभी राहीपर्यंत ८०,१३८ झाले. म्हणजे किल्ली फिरवण्याआधीच दहा हजार गेले.

आता दरसालचा खर्च. विमा ६००, भाड्याची बंदिस्त जागा महिना २०० प्रमाणे २,४००, तेलपाणी, बॅटरी, टायर, किरकोळ दुरुस्ती सरासरी १,२००. एकूण ४,२००, दहा वर्षांत ४२,०००. विकताना कमिशन, फोटो, तयारी मिळून ८ टक्के जातील. उलटा हिशोब केला तर नुसते घातलेले पैसे परत यायला गाडी १,३२,८०० च्या आसपास जायला हवी. म्हणजे दरसाल ६.६ टक्के चक्रवाढ, आणि नफा शून्य. घरचं गॅरेज असेल तर हा आकडा १,०६,७०० वर, म्हणजे ४.३ टक्क्यांवर येतो. तुमचा अर्धा निर्णय इथेच आहे: गॅरेज आहे का?

तेच ८०,१३८ फंडात ७ टक्क्यांनी वाढले असं गृहीत धरलं तर दहा वर्षांत १,५७,६०० होतात, आणि फंडाला उंदीर लागत नाहीत.

कराचं सांगतो, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या फंडावरचा नफा बहुतेकांना १५ टक्क्यांत बसतो. अशा गाडीवरचा नफा कर सल्लागार सहसा 'कलेक्टिबल' (संग्राह्य वस्तू) म्हणून धरतात, तिथे कमाल दर २८ टक्के. तोटा झाला तर मात्र गाडी वैयक्तिक वापराची, त्यामुळे तो कुठेच वजा होत नाही. एक गाडी विकून दुसरी घेत कर पुढे ढकलायची करकायद्याच्या कलम १०३१ ची वाट २०१८ पासून गाड्यांना बंद आहे. इंजिन बांधणं, पूर्ण रंगकाम अशा मोठ्या कामांच्या पावत्या जपा, त्या मूळ किमतीत धरता येतात. ऑइल बदलल्याची पावती त्यात चालत नाही.

विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चाच घ्या, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर पॉलिसीवर लिहिलेली रक्कम मिळते. 'स्टेटेड व्हॅल्यू' ऐकायला तसंच वाटतं, पण त्यात कंपनीला बाजारभाव काढून कमी पैसे द्यायची मोकळीक असते. हॅगर्टी, ग्रंडी अशा कंपन्यांच्या अटी साधारण सारख्याच: कुलूपबंद जागा, रोजच्या वापराला दुसरी गाडी, ऑफिसला जाण्यायेण्यासाठी वापर नाही.

कास्टिंग नंबर

हिशोबनीसांचा हिशोब बरोबर आहे, पण तो गाडी खरी आहे असं धरून केलाय. शेव्हेलमध्ये नेमकं तेच धरून चालत नाही.

१९७० साली एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, शेव्हेलच्याच मालिबू या प्रकारावर घ्यायचं पॅकेज होतं: ३९६ घन इंची इंजिनासाठी झेड२५, ४५४ साठी झेड१५. त्यामुळे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३६३७ नेच सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरले, ३६ म्हणजे व्ही८ मालिबू, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, पुढचा ० म्हणजे १९७०, मग कारखान्याचं अक्षर (बी असेल तर बाल्टिमोर) आणि सहा आकडी अनुक्रमांक. आजीबाईंनी किराणा आणायला घेतलेली ३०७ इंजिनची मालिबूही १३६३७ च. म्हणजे व्हीआयएन 'व्ही८ आहे' एवढंच सांगतो, एसएस आहे की नाही ते सांगत नाही. (१९६६ ते ६८ च्या एसएस ३९६ ला १३८ ची स्वतंत्र मालिका होती, तिथे हा घोळ नाही.)

आता एसएसच्या खुणा बघा: १२ बोल्टचा मागचा ॲक्सल, पुढे डिस्क ब्रेक, गोल मीटरचा डॅशबोर्ड, एफ४१ सस्पेन्शन. यातली एकूण एक वस्तू नवी विकत मिळते. ६९ च्या कॅमॅरोची तर अख्खी बॉडी नवी मिळते. त्यामुळे खुणा *नसतील* तर गाडी खोटी हे नक्की, पण असतील तर खरी हे नक्की नाही.

पुरावा म्हणजे कागद. मूळ बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते. 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' ही वॉरंटीच्या पुस्तिकेतली छोटी धातूची पट्टी, तिच्यावर व्हीआयएन आणि इंजिनाचा कोड उठवलेला असतो. शिवाय डीलरचं बिल, खिडकीवरचा किमतीचा कागद. बिल्ड शीटच्या नकला छापून मिळतात, तेव्हा घडीच्या रेषा, गंजाचे डाग, कागदाचा पिवळेपणा बघा; नवाकोरा पांढरा कागद म्हणजे शोभेची वस्तू. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरलेच्या नोंदी कंपनीकडून मिळत नाहीत. गाडी कॅनडात विकली गेलेली असेल तर जीएम (शेव्हरलेची मालक कंपनी) कॅनडाकडून मिळतात, म्हणून कॅनडाच्या शेव्हेलला जाणकारांत जरा जास्तच मान.

मग इंजिन. पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे ब्लॉकवर बोटभर रुंदीची सपाट जागा असते. तिला पॅड म्हणतात. तिथे दोन गोष्टी पंच केलेल्या असतात. एक, इंजिन जोडल्याची तारीख आणि कोड: सुरुवातीला टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडा कारखाना, मग महिना-दिवस, शेवटी तीन अक्षरं. दोन, व्हीआयएनचा तुकडा: १०बी आणि तेच सहा आकडे जे डॅशवरच्या पट्टीवर आहेत. ब्लॉकवर ओतकामाची तारीख वेगळी उठून दिसते: ए २२ ० म्हणजे २२ जानेवारी १९७०. क्रम असा लागायला हवा: ओतकाम ए २२ ०, जोडणी टी०२०२, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) फिशर बॉडीच्या, म्हणजे बॉडी बनवणाऱ्या जीएमच्या शाखेच्या, पट्टीवर ०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. गाडी आधी आणि ब्लॉक नंतर, असं झालं की संपलं.

आकडे जुळले म्हणून खूश होऊ नका. पॅड भिंगातून बघा. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनने कापायचे, त्याच्या बारीक समांतर रेघा पॅडवर पुढून मागे धावतात आणि आकडे त्या रेघांवर पंच केलेले असतात. रेघाच नाहीत, किंवा गोल गोल किंवा आडव्या घासल्याच्या खुणा आहेत, तर जुने आकडे घासून नवे मारल्याची शंका घ्या. आकडे अगदी सुबक, एका ओळीत, सारख्या खोलीचे दिसले तरी सावध व्हा. असेंब्लीचा कोड एकत्र धरलेल्या ठशांनी एका फटक्यात बसायचा, व्हीआयएनचा तुकडा वेगळ्या कारखान्यात वेगळ्या हाताने. दोन्हींचे ठसे एकाच वळणाचे दिसणं हीच चूक.

मन्सी गिअरबॉक्सवरही व्हीआयएनचा तुकडा असतो, आणि तो खोटा मारायचे कष्ट फार कमी लोक घेतात. शेजारी पी०बी१२बी असं काही दिसेल: पी मन्सी, ० म्हणजे १९७०, बी म्हणजे फेब्रुवारी, १२ तारीख, शेवटचा बी म्हणजे एम२१ हा मन्सीचा प्रकार. शेवटी ए असेल तर एम२०, सी असेल तर एम२२.

विक्रेत्याकडे आजच फोटो मागा: पॅड, ब्लॉकवरची ओतकामाची तारीख, गिअरबॉक्स, फायरवॉलची पट्टी, आणि डॅशवरच्या व्हीआयएन पट्टीचे रिव्हेट. ते फुलाच्या पाकळ्यांसारखे हवेत. साधे गोल पॉप रिव्हेट दिसले तर लिलावाची खिडकी बंद करा. व्हीआयएन पट्टी एका बॉडीवरून दुसरीवर चढवणं हा तिकडे फेडरल गुन्हा आहे, आणि अशी गाडी जप्त झाली तर पैसे तुमचे जातात.

पोंटिअक दादा

वरचं सगळं मान्य, पण मुळात गाडीची निवडच गुंतवणुकीला सोयीची नाही. एसएस ३९६ त्या वर्षी सुमारे ५०,००० निघाल्या. (आणि ते इंजिन ३९६ नव्हतंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून ४०२ घन इंच केलेलं होतं, नाव खपत होतं म्हणून ठेवलं.) ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस६ ४५४ निघाल्या ४,४७५. भाव चढतो तेव्हा एलएस६ आधी चढते आणि ३९६ मागून रांगत येते. पडताना मात्र दोघी बरोबर पडतात.

कागदाचीच भीती असेल तर जिथे कागद मिळतात तिथे जा. पोंटिअकच्या कारखान्याच्या नोंदी पीएचएस (पोंटिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडे आहेत, व्हीआयएन दिला की त्या गाडीची प्रत मिळते. १९६६ ते ७१ ची पोंटिअक जीटीओ तर २४२ या सुरुवातीवरूनच कळते. फोर्डसाठी १९६७ पासूनचा मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल) आहे आणि इंजिनाचं अक्षर व्हीआयएनमध्येच असतं: ६९ च्या मस्टँगमध्ये आर असेल तर रॅम एअरची ४२८ कोब्रा जेट, झेड असेल तर बॉस ४२९. क्रायस्लरच्या गाड्यांत पाचवं अक्षर बघा. १९७० च्या चार्जर आरटीला एक्सएस२९यू म्हणजे ४४० मॅग्नम, व्ही म्हणजे सिक्स पॅक, आर म्हणजे ४२६ हेमी. तिथे मालिबूची एसएस करण्यासारखी सोपी लबाडी चालत नाही.

बाजाराबद्दल एक कडू गोष्ट. २००६-०७ मध्ये हेमी गाड्यांना वेड लागल्यासारखे भाव आले आणि २००८ च्या मंदीनंतर ते धाडकन उतरले. दुर्मीळ गाड्या सावरल्या. १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल जून २०१४ मध्ये सिएटलला मेकमच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. पण त्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्यांची बातमी वाचून ३९६ चा भाव ठरवणं म्हणजे पैठणीच्या दरावरून नऊवारीचा अंदाज बांधणं. दुसरं, माणूस तरुणपणी जी गाडी दुरून बघत राहिला ती पुढे पैसे आल्यावर घेतो. १९७० साली विशीत असलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या गाड्या विकायला येण्याचे दिवस आहेत. पन्नाशीतला गिऱ्हाईक १९८७ ची ब्युइक जीएनएक्स शोधतो. ती एकूण ५४७ च निघाली.

वेल्डर

कागदावर सगळे बोलले, पत्र्यावर कुणीच नाही. 'आठ वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोरेशन' या वाक्याला कामाचे फोटो आणि पावत्या नसतील तर किंमत शून्य. एका दुकानात हे काम सहज १,००० तास खातं. तासाला १०० डॉलर धरले तरी नुसती मजुरी एक लाख. ७०,००० ची गाडी पूर्ण रिस्टोर्ड असेल तर कुणीतरी मोठा तोटा खाल्लाय, नाहीतर काम अर्धवट झालंय. दुसरी शक्यता नेहमी जास्त. आणि हेच उलट बाजूनेही खरं: स्वस्तातली गंजकी गाडी घेऊन दुरुस्त करून विकायचा बेत असेल तर विसरा, खर्च कधीच भरून येत नाही. त्यातल्या त्यात चांगल्या स्थितीतलीच घ्यावी.

शेव्हेल गंजते ती या ठिकाणी. मागच्या काचेच्या खालच्या खाचेत पाणी साठतं आणि डिकीत उतरतं, त्यामुळे डिकीचा तळ आणि दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा मॅट उचलून बघायच्या. मागच्या चाकांच्या पाठीमागचा क्वार्टर पॅनलचा खालचा भाग. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. आणि सर्वात महागडं दुखणं म्हणजे चॅसी: मागच्या ॲक्सलवरून वळते तिथे आतून चिखल आणि रस्त्यावरचं मीठ साठतं, बाहेरून काळा रंग मारलेला असतो. छोट्या हातोडीने टकटक करत जायचं. खणखणीत आवाज हवा, भदभद आली की थांबा. ओहायोची गाडी आहे, तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं हे विसरू नका.

तपासणीला जाणाऱ्याला रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्यायला सांगा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, नीट केलेलं दुसरं रंगकाम २०० ते ३००. कुठे अचानक १,००० दाखवलं तर खाली पुट्टी आहे. दारं बंद ठेवून खालून जॅक लावायला सांगा; दारांभोवतीची फट बदलली तर बॉडी माउंट (बॉडी आणि चॅसीमधले रबरी आधार) गेलेत.

सांभाळायचंही थोडं ऐका, कारण 'नुसती उभी ठेवली' हेच बहुतेक गाड्यांचं मरण असतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो, जुने रबरी पाइप फुगतात. हिवाळ्याआधी टाकी भरून ठेवा, स्टॅबिलायझर टाका, मग १५ मिनिटं इंजिन चालवा म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. या इंजिनाची कॅम फ्लॅट टॅपेटची आहे, आणि हल्लीच्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस कमी असतं. १,००० ते १,२०० पीपीएम झेडडीडीपी (हेच ते जस्त-फॉस्फरसचं रसायन) असलेलं ऑइलच वापरा, नाहीतर कॅमचे लोब घासून सपाट होतात आणि चुरा सगळ्या बेअरिंगमध्ये फिरतो. कॉम्प्रेशन १०.२५ ला १ आहे, पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. आठ-दहा वर्षांचा टायर चकचकीत असला तरी टाकून द्यायचा.

ऑस्टिनचा सातारकर

पुण्याचा मुद्दा थोडक्यात: तो हिशोबात धरूच नका. आयातीवरचे सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. रस्त्यावर आणायला भारतात २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळं विंटेज रजिस्ट्रेशन आहे, नंबरप्लेटवर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठीच. डाव्या स्टिअरिंगची साडेसोळा फूट लांब गाडी घेऊन लक्ष्मी रोडवर वळायचं चित्र डोळ्यांसमोर आणा. परतताना विकून जा.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. घरी दोन गाड्यांचं गॅरेज आहे, म्हणजे हिशोबनीसांचा ४.३ टक्क्यांचा आकडा लागू.

विक्रेत्याने पॅडचा फोटो दिला. व्हीआयएनचे आकडे जुळतात. पण पॅड आरशासारखा गुळगुळीत आहे, रेघा अजिबात नाहीत. विचारल्यावर म्हणाला, इंजिन बांधताना ब्लॉकचा माथा मशीन केला होता, म्हणून रेघा गेल्या. हे पटण्यासारखं आहे का? बिल्ड शीट आहे म्हणतो, पण ती 'फ्रेम करून लावलेली प्रत'.

कास्टिंग नंबर

माथा मशीन करणं यात गैर काही नाही, इंजिन बांधताना करतातच. पण माथा कापला तर रेघांबरोबर आकडेही जातात. मग फोटोत दिसणारे आकडे कुठून आले, एवढंच त्याला विचारा. दोनच उत्तरं आहेत: मशीनवाल्याने पॅड वाचवला (मग रेघा दिसायला हव्यात), किंवा आकडे नंतर मारले. कधीकधी मालक आपल्याच ब्लॉकवर मूळ आकडे परत मारून घेतो, त्यात फसवायचा हेतू नसेलही. बाजार मात्र त्याला बिनजुळणीचंच इंजिन धरतो.

अजून दोन गोष्टी बघून सोडा. ओतकामाची तारीख ब्लॉकच्या माथ्यापासून लांब असते, ती मशीनने जात नाही. ती फिशर बॉडीच्या पट्टीच्या आधीच्या काही आठवड्यांतली हवी. आणि गिअरबॉक्स. फोटो काढणाऱ्याला सांगा, ब्रेक क्लीनर आणि मऊ कापड एवढंच वापर, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नकोस. टॉर्च समोरून नाही, बाजूने तिरपी धरायची. उथळ ठसे तिरप्या उजेडातच वर येतात.

गिअरबॉक्सचा तुकडा जुळला आणि ओतकामाची तारीख बसली, तर ही बहुधा जन्माने चार गिअरची गाडी आहे, पण एसएस असल्याचा कागद तरीही नाही. अशा गाडीला माझ्या मते ५०,००० च्या वर जाऊ नये, शुल्क धरून. गिअरबॉक्सही जुळला नाही तर ती लाल रंगाची चांगली मालिबू समजा आणि त्याच भावात बोली लावा.

एडिसनकर

गिअरबॉक्सचा फोटो मागितलाय. 'गाडी लिफ्टवर चढवायला दोन दिवस लागतील' असं उत्तर आलं. लिलाव संपायला तीन दिवस आहेत.

वेल्डर

लिफ्ट कशाला लागते? जॅकस्टँडवर पुढची बाजू उचलली की मोबाइल हाताने आत घालून फोटो निघतो, पंधरा मिनिटांचं काम. उद्या संध्याकाळपर्यंत आला नाही तर ५०,००० सुद्धा लावू नका.